पोरगा हिरा आहे, पण गुडघा गेलाय. शेवटची जागा त्याला द्यावी का?

लालबागचा_लेफ्टबॅक

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि वेळ थोडा आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

मी लालबागला राहतो, वय ५४. कामावरून आलो की संध्याकाळी पोरांचा फुटबॉल बघतो. आमचा क्लब लहान, मुंबईच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळतो. स्पॉन्सर नाही. आमच्या वेळचे चार खेळाडू आणि मी, असे पाच जण खिशातून घालतो. त्यातच मैदानाचं भाडं, जर्सी, बॉल, सामन्याच्या दिवशीची केळी आणि ग्लुकोज. म्हणून आम्ही २२ पोरंच घेतो, त्याच्या वर झेपत नाही. २१ नावं पक्की झाली. बाविसावं अडलंय, आणि १० तारखेच्या आत सीआरएसवर, म्हणजे फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेवर, नोंदणी उरकायची आहे.

दोन पोरं आहेत.

एक शिवडीचा, २१ वर्षांचा. दोन वर्षांत एकही प्रॅक्टिस चुकवलेली नाही. घरोघरी पार्सल पोचवायचं काम करतो, ती पाठीवरची बॅग घेऊन तसाच मैदानावर येतो. पायात जादू नाही. बॉल मिळाला की जवळच्या आपल्या माणसाला देतो आणि जागेवर परत येतो. गेल्या सीझनला तीन सामन्यांत उतरवला, तिन्ही वेळा शेवटची दहा-पंधरा मिनिटं.

दुसरा काळाचौकीचा, १९ वर्षांचा, डाव्या पायाचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा. ह्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरा प्रश्न ह्याचा आहे.

दोन वर्षांपूर्वी परळला सेंट झेवियर्सच्या मैदानावर मी त्याला पहिल्यांदा पाहिला. पाऊस नुकताच पडून गेला होता, कडेला नुसता राडा. गोलकीपरची उंच किक खाली येत होती. बाकीची पोरं अशा वेळी आभाळाकडे बघत बसतात. ह्याने मधेच एकदा मान वळवली, मागचा बॅक किती लांब आहे ते बघून घेतलं, आणि बॉल बुटाच्या आतल्या बाजूवर असा उतरवला की चिखलात न रुतता तो बरोबर अर्ध्या पावलावर पुढे पडला. बॅक अंगावर येईपर्यंत हा पुढे गेलेला. मी १९८०च्या दशकापासून ह्या शहराचा फुटबॉल बघतोय. असा पहिला टच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोरांकडे पाहिलाय, आणि त्यातली बरीचशी कूपरेजच्या मैदानावर मोठ्या टीमकडून खेळणारी होती.

मग गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा आतून सावरणारा स्नायूबंध, तुटला. कोणी मारलं नाही, धडक नाही. पळता पळता वळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला म्हणतो, आणि खाली बसला. ज्या क्लबसाठी खेळताना हे झालं त्यांनी ऑपरेशनच्या आधीच फोन घेणं बंद केलं. नाव लिहीत नाही. ऑपरेशनला आता सात महिने झाले. फिजिओथेरपी दोन महिने केली आणि सोडली. जाण्यायेण्यात अर्धा दिवस जायचा आणि घरी आईच्या एकटीच्या कमाईवर भागत नव्हतं. आणि आता ऐका: पाचव्या महिन्यापासून पोरगा रात्रीच्या, कृत्रिम गवतावरच्या टर्फ टूर्नामेंट खेळतोय. सामन्याला पाचशे, फायनल असेल तर हजार. मला त्याच्या मित्राकडून कळलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो. जुनी चाळ, लाकडी जिना. निघताना तो मला खाली सोडायला आला. प्रत्येक पायरीला उजवा गुडघा वाकवून डावा पाय आधी खाली टाकत होता, मग दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची पायरी. एक हात कठड्यावर. मी बघतोय हे लक्षात आल्यावर शेवटच्या चार पायऱ्या धडाधड उतरला.

माझं मन त्याच्याकडे आहे हे आधीच कबूल करतो. इटलीचा रॉबर्टो बॅजिओ आठवतो. १९८५ साली व्हिसेंझा क्लबकडून खेळत होता, १८ वर्षांचा. फिओरेंटिना ह्या मोठ्या क्लबशी करार ठरला आणि दोनच दिवसांत गुडघा फाटला. फिओरेंटिनाने हात वर केले नाहीत. दोन वर्षं वाट बघितली, आणि १९९३ साली तो बॅलन डी’ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन आला. असं कोणीतरी थांबलं पाहिजे ना पोरासाठी? की मी भावनेच्या भरात शिवडीच्या पोरावर अन्याय करतोय?

नाईटशिफ्ट_अंधेरी

काका, मी अमेरिकन क्लायंटसाठी रात्रपाळी करतो, त्यामुळे गेली दहा वर्षं त्यांचा फुटबॉल बघायची सवय लागलीय. खेळ वेगळा, हाताने खेळायचा, पण तुमचा प्रश्न तिथे दर एप्रिलला पडतो, म्हणून लिहितो.

एनएफएलमध्ये, म्हणजे त्यांच्या मोठ्या लीगमध्ये, कॉलेजातली पोरं ड्राफ्टमधून येतात, संघ पाळीपाळीने एकेक पोरगा निवडतात. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि गेल्या सीझनला सगळ्यात तळाला असलेल्या संघाला पहिली निवड. त्याआधी इंडियानापोलिसला सगळ्यांची तपासणी होते. टीव्हीवर धावणं-उड्या दाखवतात, पण संघांचे डॉक्टर तिथे येतात ते मुख्यतः गुडघे-खांदे हाताने तपासायला.

एकाच संघाच्या दोन गोष्टी सांगतो, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सच्या. २००५ साली त्यांनी फ्रँक गोर घेतला. कॉलेजात असताना त्याच्या दोन्ही गुडघ्यांचे एसीएल तुटले होते. त्यामुळे मागे पडत पडत तो ६५ व्या क्रमांकावर मिळाला. तो १६ सीझन खेळला आणि बरोबर १६,००० यार्ड धावला, त्या लीगच्या इतिहासात तिसरा. मग २०१३ साली त्याच संघाने चौथ्या फेरीत मार्कस लॅटिमोर घेतला. तोसुद्धा धावणाराच, दोन्ही गुडघे गेलेले, आणि अंगात गुण असे की दुखापत नसती तर पहिल्या फेरीतच गेला असता. घेतला, वर्षभर बसवून ठेवला, घाई केली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली. एकही सामना न खेळता.

म्हणजे तोच संघ, तोच विचार, धीरही सारखाच. गुडघ्याने एकदा साथ दिली, एकदा नाही. म्हणून माझं मत असं की ‘चालेल का’ ह्याचं उत्तर शोधत बसू नका, ते कोणालाच आधी मिळत नाही. नाही चाललं तर काय जाणार, ते बघा. त्यांनी लॅटिमोरवर चौथ्या फेरीतली निवड घातली, पहिल्या फेरीतली नाही. गेली तरी संघ उभा राहिला.

आणखी एक. २०१६ ला डॅलसने जेलन स्मिथ ३४ व्या क्रमांकावर घेतला. १ जानेवारीच्या सामन्यात त्याचा गुडघा फाटला होता आणि नसेलाही इजा झाली होती, बाकी संघ घाबरले. डॅलस का घाबरलं नाही? त्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर त्यांच्याच संघाचा होता. गुडघा आतून कसा आहे ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिलं अख्खं वर्ष पोरगा खेळला नाही, आणि २०१९ ला ‘प्रो बोल’ ह्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. काका, तुमच्याकडे त्या गुडघ्याची माहिती किती आहे? डॉक्टरांचे कागद पाहिलेत का? की फक्त तो चिखलातला टच?

फिजिओ_दादर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आठवड्यात पाच-सहा एसीएल तरी बघते. लालबागकर काका, तुम्ही जिन्याचं जे लिहिलंत ते वाचून पोटात गोळा आला.

उतरताना शरीराचं वजन मागे राहिलेल्या पायावर तोललं जातं. उजवा वाकवून डावा आधी टाकतोय ह्याचा अर्थ डाव्या मांडीवर तेवढा भार घ्यायला तो तयार नाही. पुढचा मांडीचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, ऑपरेशननंतर सुकतो आणि आपणहून परत येत नाही. तो मेहनतीनेच आणावा लागतो. दोन महिन्यांत फिजिओ सोडली म्हणजे तो अर्धासुद्धा आला नसणार.

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं, नवीन एसीएल बसला, आता महिने मोजायचे. तसं नाही. बसवलेला असतो शरीरातलाच दुसरा स्नायूबंध, बहुतेक वेळा मांडीच्या मागचा नाहीतर वाटीखालचा. आत गेल्यावर पहिले काही महिने तो कमजोर होतो आणि मग हळूहळू मुरतो. दुखत नाही, सूज नाही, पोरगा पळतोसुद्धा, म्हणून सगळ्यांना वाटतं झालं बरं.

२०१६ साली नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी असे १०६ रुग्ण दोन वर्षं पाहिले. नऊ महिन्यांपर्यंत, परतणं जितके महिने पुढे ढकललं तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटली. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास न होता खेळायला गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला. पास होऊन गेलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्याही आत होतं. आणि तुमचा पोरगा पाचव्या महिन्यात टर्फवर उतरलाय. टर्फ छोटं, दर चार पावलांवर थांबायचं आणि वळायचं, बूट कार्पेटला धरून राहतो आणि गुडघा फिरतो. एसीएल तुटण्यासाठी ह्याहून सोयीची जागा नाही. वय १९, म्हणजे त्यातही धोक्याचं. २५ च्या आतले जे खेळात परततात त्यांच्यातल्या चार-पाच जणांमागे एकाचा एसीएल पुन्हा जातो, कधी तोच, कधी दुसऱ्या पायाचा.

भीती घालत नाहीये. रस्ता आहे. उद्याच करता येईल असं सांगते. शिंप्याची टेप घ्या. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर खूण करा आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. मग सपाट जागेवर खडूने रेघ मारा. हात कमरेवर, एका पायावर उभं राहून जमेल तितकी लांब उडी, त्याच पायावर उतरायचं आणि दोन सेकंद स्थिर राहायचं. आधी चांगला पाय, प्रत्येकी तीन वेळा, सर्वांत लांबची धरायची. डाव्याची उजव्याच्या ९० टक्के यायला हवी. पास होण्यासाठी हे पुरेसं नाही, तिहेरी उडी, तिरकी उडी, ताकदीचं माप हे सगळं लागतं. पण नापास व्हायला एवढं पुरतं. तो अडखळणार असेल तर लगेच थांबवा. आणि त्याआधी त्याने ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांना दाखवून यावं. ते जमत नसेल तर महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात, परळचं केईएम तुमच्या दारातच आहे, ऑर्थोपेडिकच्या ओपीडीत जावं.

टर्फ आजपासून बंद. संघात घ्या नाहीतर नका घेऊ, ते तुमचं.

गिरणगावचा_सेंटरहाफ

लालबागकर, मी तुमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते का ते सांगतो.

१९८८. मी एका ऑफिस टीमकडून मुंबईची हारवूड लीग खेळत होतो. कोणतं ऑफिस ते राहू द्या. टेम्पररी होतो, परमनंट व्हायचं आश्वासन होतं. गुडघ्यात पाणी भरायचं. सामन्याच्या आधी तंबूत इंजेक्शन द्यायचे, वर क्रेप बँडेज, आणि साहेब येऊन पाठीवर थाप मारायचे, ‘तुझ्याशिवाय मधली फळी नाही रे.’ मी खूश. २६ व्या वर्षी खेळ संपला. परमनंट झालो नाही. आज देवळाच्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरतो.

ते साहेब वाईट नव्हते हो. माझ्यावर खरंच जीव होता त्यांचा. तेच तर सांगतोय. माझा खेळ त्यांना इतका आवडायचा की माझा पाय त्यांना दिसायचा नाही.

बॅजिओचं तुम्ही म्हणालात. फिओरेंटिनाकडे दोन वर्षं थांबायला पैसा होता, डॉक्टर होते, शिवाय बॅजिओच्या जागी उतरवायला दुसरे २० खेळाडू होते. तुमच्याकडे २२ पोरं आहेत. एका सामन्याला दोघं आजारी, तिघांना शिफ्ट, एक गावाला. बाकावर कोण उरतं? ज्याचं नाव यादीत आहे तो. तुम्ही म्हणाल मी नाही उतरवणार. ७० वं मिनिट, एक गोलने मागे, आणि तो तुमच्याकडे बघत बुटाची नाडी बांधतोय. तेव्हा सांगा मला.

आणि शिवडीच्या पोराबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि काळाचौकीच्या पोराबद्दल चार पॅरे. तो दोन वर्षं पार्सलची बॅग घेऊन येतोय. त्याच्यातही एखादा गुण असेल, तुम्ही कधी नीट बघितलाय का?

वांद्र्याची_टचलाइन

काका, बॅजिओच्या जोडीला हॉलंडचा स्ट्रायकर व्हॅन निस्टलरॉयही आठवा. एप्रिल २००० मध्ये मँचेस्टर युनायटेड त्याला घ्यायला निघालं होतं. मेडिकल तपासणीत गुडघ्यावर शंका आली म्हणून सौदा थांबला, आणि लगेच सराव करताना तोच गुडघा फाटला. युनायटेडने तेव्हा सही केली नाही. पण नातंही तोडलं नाही, त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन त्याला भेटून आले. वर्षभराने, २००१ च्या एप्रिलमध्ये, पोरगा बरा झाल्यावर १९ दशलक्ष पौंड देऊन घेतला. पाच सीझनमध्ये १५० गोल. आज सही केली नाही म्हणजे कायमचं सोडलं असं होत नाही.

नेव्हिल डिसूझा ग्राउंडला कधी आलात तर भेटू.

लालबागचा_लेफ्टबॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. सेंटरहाफ साहेब, तुमचा प्रतिसाद मी रात्री दोनदा वाचला आणि झोप लागली नाही.

तुम्ही विचारलंत, तेव्हा सांगा मला. सांगतो. मी उतरवणार. मला मी माहीत आहे. एका गोलने मागे आहोत आणि बाकावर तो बसलाय, तर मी स्वतःशी म्हणणार, पंधराच मिनिटं, फक्त कडेला उभा राहा, टॅकलला जाऊ नको. आणि तो टॅकलला जाणार, कारण १९ वर्षांचा आहे. इतके दिवस मी पोराच्या गुडघ्याचा धोका मोजत होतो. ह्यात माझाही धोका आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी सकाळी ताईंनी सांगितलेलं केलं. त्याच्या चाळीच्या मागच्या फरशीवर, खडू आणि शेजारच्या शिंप्याकडून आणलेली टेप. मांडीचा घेर आधी. उजवी ५१, डावी ४७ आणि वर थोडी. तो टेपकडे बघत राहिला. म्हणाला, ‘काका, पुन्हा मोजा, टेप सैल होती.’ पुन्हा मोजली. तेवढीच.

मग उड्या. उजव्या पायाची सर्वांत लांब १६२ सेंटिमीटर, उतरला तो खिळा ठोकल्यासारखा. डाव्याने पहिली उडी बरी मारली पण टेकल्या टेकल्या उजवा पाय खाली टाकला, म्हणजे बाद. दुसरी १३१. ह्या वेळी उभा राहिला, पण गुडघा आतल्या बाजूला झुकत थरथरत होता, मला चड्डीच्या कडेवरून दिसत होतं. तिसरी मी मारू दिली नाही. हिशेब त्यानेच मोबाइलवर केला. ८१ टक्के. वर बघून म्हणाला, ‘नऊच तर कमी आहेत.’

मी त्याला तिथेच फरशीवर बसवून सांगितलं की ह्या वेळच्या यादीत तुझं नाव नाही. का ते सगळं सांगितलं, सेंटरहाफ साहेबांची गोष्टसुद्धा. तो उठला आणि जिना चढून गेला. दोन्ही पाय एका पायरीवर घेत. दोन दिवस फोन उचलला नाही.

फिजिओ_दादर

८१ आणि मांडीत चार सेंटिमीटरचा फरक, वर गुडघा आत झुकतोय. काका, हा पोरगा आज टर्फवर गेला तर पुढची पोस्ट तुम्हाला दुसऱ्या ऑपरेशनची लिहावी लागेल. तिसरी उडी थांबवलीत हे फार बरं केलंत.

मांडी येईल. वाईट नाही वाटलं मला हे आकडे बघून, पाच महिने मेहनतच झाली नाहीये आणि तरी ८१. तीन-चार महिने नेमाने केलं तर बराच फरक पडतो. त्याला शनिवारी दुपारी माझ्याकडे पाठवा, पैशाचं बघू नका. व्यायाम शिकवते, ते त्याने आठवड्यात तीनदा करायचे. बाकी पोरांनाही फिफा ११+ लावा, धावणं, तोल, मांडीचे व्यायाम असा २० मिनिटांचा वॉर्मअप आहे, आठवड्यात दोनदा तरी. तुमच्याकडे पुढचा गुडघा जाऊ नये म्हणून.

नाईटशिफ्ट_अंधेरी

काका, एक विचारतो. टर्फचे पैसे बंद झाल्यावर त्याच्या घरी काय? फक्त नको म्हणून तो थांबणार नाही. रात्री कोणीतरी हजार देतो म्हणणार.

लालबागचा_लेफ्टबॅक

बरोबर विचारलंस. त्यावरच आमची पाच जणांची बैठक झाली, म्हणजे भाजी मार्केटच्या कोपऱ्यावर चहा. रविवारी सकाळी आमच्याकडे आठ ते बारा वर्षांची २०-२५ पोरं येतात, त्यांना बघायला माणूस नव्हता. ते काम ह्याला द्यायचं ठरलं. महिन्याला तीन हजार, सहाशे-सहाशे आम्ही काढणार. टर्फचे ह्याच्याहून जास्त व्हायचे हे मला माहीत आहे. आमच्यातला एक जण छापखाना चालवतो, तो संध्याकाळचे दोन तास बसून करायचं काम देतोय. आईशी बोललो. ती म्हणाली, ‘तो रात्री टर्फवर जातो हे मला माहीत नव्हतं, मला सांगतो मित्राकडे अभ्यासाला जातो.’ मग बराच वेळ काही बोलली नाही.

शिवडीच्या पोराचं नाव परवा चढवलं. सेंटरहाफ साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून ह्या आठवड्यात प्रॅक्टिसला मी फक्त त्याच्याकडे बघत उभा राहिलो, बाकी कोणाकडे नाही. बॉल आपल्याकडे नसताना तो सतत बोलत असतो. ‘मागे माणूस’, ‘वेळ आहे’, ‘सोड’. हळू आवाजात, बाजूच्या दोघांना ऐकू जाईल इतपतच. आमचा डिफेन्स त्याच्या बाजूने कधी उघडा पडत नाही ह्याचं कारण दोन वर्षं मला कळलं नव्हतं. त्याला सांगितलं, तुझं नाव टाकलंय. ‘बरं काका’ म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारी शिफ्ट बदलून घेतो म्हणाला.

काळाचौकीचा काल आला. साडेसहाला, सगळ्यांच्या आधी. माझ्याशी बोलला नाही, पण छोट्या पोरांचे कोन उचलून लावायला लागला. मधे एक बॉल घरंगळत त्याच्याकडे गेला. त्याने तो डाव्या पायाने थांबवला, तसाच, अर्ध्या पावलावर, आणि मग उजव्याने एका पोराकडे ढकलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

जाताना जवळ आला. म्हणाला, फरशीवरची १६२ ची रेघ पावसाने पुसली, मी रंगाने काढलीय, १४६ लाही काढलीय. ते ९० टक्के होतात. मग विचारलं, ‘शनिवारी दादरला किती वाजता जायचं?’

ताई, मी त्याला तीन सांगितलेत. तुमच्या दवाखान्याचा पत्ता मला मेसेज करा.